हरळीचं बेणं

नऊ होल आधीचे होते. आता दहा, अकरा, बारा,
अंबड रोडला, जुन्या मुरमाच्या खाणीत,
जिथं काही उगवू द्यायचं नाही
असं जमिनीनं कधीचंच ठरवलेलं.

डोझरवरचा मुनीर उतार डोळ्यांनी मोजतो.
नकाशा म्हणतो दोन टक्के. तो म्हणतो,
"पाणी वतून बघू. पाण्याला नकाशा कळत नाही."
कळशीभर ओततो. ते थबकतं,
जरा विचार करतं, आणि डावीकडं जातं.
मुनीर बिडी विझवून पुन्हा मशिनवर चढतो.

मग माशाच्या काट्यासारखे पुरलेले पाइप,
वर खडी, खडीवर कच, कचीवर फूटभर वाळू,
वाळूत मधूनच इवले शिंपले,
नदीनं न विचारता पाठवलेले.

बेणं आलं हैदराबादहून, रात्रीच्या ट्रकनं,
ओल्या गोणपाटांत, बाळंतिणीसारखं जपत.
कौसाबाईनं पोतं उसवलं. वास घेतला.
एक कांडी दाताखाली धरली.
"आरं, ही तर हरळी!"
"सुधारित आहे, मावशी. बारीक पानाची."
"सुधरली म्हून का हरळीची दुसरं काही झाली?
अन् इकत आणली? पैसे देऊन?"
तेरा-चौदा बायका वाळूवर बसून
डोळ्यांना पदर लावून हसत राहिल्या.

मीही हसलो. परभणीला आमच्या पुस्तकात
ती तणांच्या धड्यात होती.
खाली तिला मारायचे सात उपाय.
परीक्षेत मी सातही लिहिले होते.

कौसाबाईला एकच ठाऊक: कुदळ.
चाळीस वर्षं तिनं काळ्या रानात
ढोपरभर खोल हरळीचा पाठलाग केला.
मुळी तुटली तर शिवी,
सबंध आली तर बांधावर, उन्हात, उलटी.
आता तेच हात तीच मुळी
दोन-दोन बोटांवर वाळूत निजवतात.
पहिले दोन दिवस जमेना.
हात आपसूक उपटायला जाई.

दिवसातून सात वेळा पाणी, तीन-तीन मिनिटं,
शहरानं वापरून सोडलेलं, गाळून घेतलेलं.
माणूस नाही, कुत्रं नाही, साहेबाचा बूटसुद्धा नाही.
नवव्या दिवशी सकाळी सहाला,
वाकून, ऊन समोर घेऊन पाहिलं तर
वाळूवर एक हिरवा संशय.
तिसऱ्या आठवड्यात धावऱ्या सुटल्या.

पाचव्यात, अकराच्या मधोमध,
एक रुंद पानाचा कोंब उभा राहिला,
कुणाला न भिता.
गोणपाटाच्या शिवणीत दाणा राहिला असणार.
मी म्हणालो, "मावशी, तण."
तिनं माझ्याकडं पाहिलं.
"म्हन एकडाव परत."
मी म्हटलं नाही.
ती ज्वारीपाशी उकिडवी बसली,
वाळूसकट, मुळासकट तिला उचललं,
ओल्या फडक्यात गुंडाळून चालती झाली.
खळगा तळहातानं बुजवायला मात्र विसरली नाही.

बाराव्या आठवड्यात मी कटर दाबला, फिरवला,
मातीचा नळा उपसून बाहेर काढला.
सव्वाचार इंच.
कौसाबाई डोकावली.
"येवढ्यासाठी?"
"एवढ्यासाठी."
तिनं मनगटाच्या वरपर्यंत हात आत घातला,
कुणाची तरी नाडी बघावी तसा.
"मपल्या नातवाची इटीदांडूची गल
याच्याहून मोठी हाय."
आणि कडेची विस्कटलेली पाती
बोटानं हळूच नीट केली.

पंपहाऊसच्या मागं, गळक्या व्हॉल्व्हच्या ओलीला,
ज्वारीनं कणीस धरलंय.
कुणी विचारत नाही. गवत कापायचं यंत्र
मी तिथून जरा लांबून वळवतो.
परवा पाहिलं, हरळीची एक धावरी
रस्ता ओलांडून तिच्या बुडाशी पोचलीय.
कौसाबाईला अजून सांगितलेलं नाही.